क्वाडचे पुढचे ब्रेक कमी लागतात: पॅड बदलले, एअर काढली, आता काय तपासावं?

रोठा_सुपारी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. श्रीवर्धनकडे वाडीत नारळ-सुपारी वाहायला क्वाड (मोटरसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी) वापरात आहे. २५० सीसी, चिनी बनावट, मॅन्युअल गिअर. पुढे दोन डिस्क, त्या उजव्या हाताच्या लिव्हरवर. मागे सबंध अ‍ॅक्सलला मिळून एकच डिस्क, ती पायाच्या पेडलवर. मागे छोटी ट्रॉली लागते. वाट म्हणजे लाल मातीचा उतार आणि खाली खाडीकडेचा पट्टा. भरतीला तिथे वीतभर खारं पाणी असतं.

तक्रार पुढच्या ब्रेकची आहे. पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारे) नवे टाकले, ब्रेक ऑइल बदललं, एअर (तेलाच्या नळीतली हवा) काढली. लिव्हर आता बरा वाटतो, पण उतारावर गाडी हवी तशी थांबत नाही. पूर्ण मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, तेलाला दाब देणारा भाग) ऑनलाइन मिळतोय. तो बदलावा का? की आणखी काही आधी पाहायचं?

खलाशी
मास्टर सिलिंडर लगेच मागवू नका. आधी पॅडची अवस्था सांगा. जुने पॅड आतल्या-बाहेरच्या बाजूने सारखे झिजले होते का?

पाना_बारा
खलाशींचा प्रश्न नेमका आहे. त्याच्याही आधी लिव्हर काय सांगतो ते बघा, कारण दोष कुठे आहे याचा निम्मा शोध हातालाच लागतो.

लिव्हर मऊ आहे आणि भराभर तीन-चारदा दाबला की वर येऊन घट्ट होतो: लाइनमध्ये हवा आहे, किंवा चाकाच्या बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) असल्याने डिस्क डुगडुगून पॅड मागे ढकलतेय. दुसरं कारण लोक विसरतात आणि एअर काढत बसतात.

लिव्हर दाबून धरला की हळूहळू ग्रिपकडे सरकतो आणि तेल बाहेर कुठेच दिसत नाही: मास्टर सिलिंडरचा कप (आतलं रबरी सील) आतल्या आत गळतोय. मास्टरचं किट टाकायची वेळ हीच.

लिव्हर घट्ट आहे, जागेवर राहतो, तरी गाडी थांबत नाही: हायड्रॉलिकमध्ये दाब तयार होतोय, पण तो डिस्कपर्यंत पोहोचत नाही. कॅलिपरचा (डिस्कवर बसणारा, पॅड धरणारा भाग) पिस्टन जॅम, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन जॅम, पॅड तेलकट किंवा ग्लेझ (चकाकी येऊन गुळगुळीत) झालेले, नाहीतर रबरी होज आतून फुगलेला. तुमच्या वर्णनावरून ही तिसरी गोष्ट वाटते. खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या गाडीत तर आधी इथेच हात घालावा.

ब्रेक सोडल्यावरही चाक जड फिरतं: पिस्टन मागे येत नाही, किंवा मास्टरमधलं बारीक परतीचं भोक कचऱ्याने बंद झालंय. दुसऱ्या बाबतीत गाडी तापली की ब्रेक आपोआप आवळत जातो, कारण गरम होऊन वाढलेल्या तेलाला टाकीत परत जायला वाट नसते.

गावठी_इंजिनिअर
मास्टर चांगला की वाईट हे एकही पार्ट न घेता कळतं. मास्टरला जिथे होज लागतो तो बँजो बोल्ट (मधून तेल जायला भोक असलेला) काढा आणि त्याच आट्यांचा भोक नसलेला बोल्ट दोन तांब्याच्या वॉशरसह लावा. आटे आधी तपासा, १० × १.० आणि १० × १.२५ असे दोन्ही येतात आणि चुकीचा बोल्ट जबरदस्तीने घातला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. बोल्ट बसला की टाकीत तेल ठेवून लिव्हर हळूहळू दाबत मास्टरमधली हवा घालवा. मग लिव्हर अगदी दगड झाला आणि मिनिटभर दाबून ठेवूनही सरकला नाही, तर मास्टर ठणठणीत आहे. पैसे वाचले.

मृण्मयी_द
रोठा दादा, अजून एक सोपी तपासणी. सपाट जागेवर थोडं अंतर फक्त पुढचा ब्रेक वापरत चालवा आणि थांबल्याबरोबर दोन्ही डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा घ्या, कपाळाला लावायचा नको. तो माणसाच्या तापापलीकडे वाचत नाही. एक डिस्क तापलेली आणि दुसरी जवळजवळ थंड असेल तर थंड बाजूचा कॅलिपर काम करत नाहीये. दोन्ही सारख्या गरम असतील तर दोष पॅडमध्ये किंवा दोन्हींना सामाईक असलेल्या भागात. बोटाने तपासू नका, डिस्क सहज दीड-दोनशे अंशांवर जाते.

रोठा_सुपारी
खूप आभार. आज पाहिलं. लिव्हर घट्ट आहे, दाबून धरला तरी सरकत नाही. डाव्या बाजूची डिस्क थंड, उजवी चांगली गरम. जुने पॅड ठेवले होते. डाव्या बाजूचा आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा. उजवीकडचे दोन्ही सारखे. ब्लीड निपल (कॅलिपरवरची हवा काढायची तोटी) पान्याने सुटतोय.

खलाशी
झालं, निदान पूर्ण. स्लाइड पिन.

पाना_बारा
हो. आणि "पॅड बदलूनही फरक नाही" याचं उत्तरही त्यातच आहे. तुमच्या गाडीला तरंगता कॅलिपर आहे. पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट्या धक्क्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन गंजून जॅम झाल्या की कॅलिपर जागचा हलत नाही. पिस्टन एकटाच डिस्कला एका बाजूने रेटतो, थोडीशी वाकवतो, आणि जवळजवळ सगळी ताकद वाया जाते. हाताला मात्र लिव्हर घट्ट लागतो.

आता काम.

दगडांवर नको, लाकडी ठोकळ्यांवर किंवा स्टँडवर गाडी घ्या. चाक काढा. कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो तारेने फ्रेमला टांगा, होजवर लोंबकळत ठेवू नका. पिना ब्रॅकेटमधून ओढून काढा. निघत नसतील तर भेदक तेल टाकून रात्रभर ठेवा आणि फिरवत फिरवत काढा, सरळ हातोडा नको, कारण कॅलिपर ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि कान तुटतो. तेल मारायच्या आधी पॅड काढून बाजूला ठेवा. पिनेवरचा गंज बारीक वॉटर पेपरने काढा. खड्डे पडले असतील तर पिन बदला, त्या स्वस्त असतात. पिन ज्या भोकात जाते ते भोक गोल ब्रशने साफ करा. जुनं वाळलेलं ग्रीस तळाशी दडून बसतं आणि नवी पिनही पूर्ण आत जाऊ देत नाही.

पिनेवर सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, मटारच्या दाण्याएवढं, जास्त नाही. भोक तळाला बंद असल्याने जास्तीचं ग्रीस हवा कोंडतं आणि पिन परत बाहेर ढकलते. साधं बेअरिंग ग्रीस अजिबात नको. ब्रेकचे रबर बूट (पिनेवरची टोपणं) बहुधा ईपीडीएम रबराचे असतात आणि खनिज तेलाने ते फुगतात. पंधरा दिवसांत पिन पुन्हा जॅम होते.

रबर बूट फाटले असतील तर बाकी सगळं करून उपयोग नाही. खारं पाणी आत शिरण्याची वाट तीच.

चाकोरी
+१. अ‍ॅल्युमिनियमचे कॅलिपर आणि लोखंडी पिना, मध्ये मिठाचं पाणी. हे दोन धातू एकमेकांना खाणारच.

लेथवाला
पिनांबरोबर पिस्टनही बघा. कॅलिपर उघडला आहे तर अर्धं काम करू नये.

पॅड काढून लिव्हर हलकेच दाबा, पिस्टन दोन-तीन मिलिमीटर बाहेर येऊ द्या. मग हाताने किंवा लाकडी पट्टीने परत ढकला. दोन्ही अंगठ्यांच्या जोराने सरळ आत गेला तर ठीक. सी-क्लॅम्प लावावा लागला, किंवा तिरका जातोय, तर पिस्टन बाहेर काढावाच लागेल.

बाहेर काढायला सगळ्यात सुरक्षित रस्ता म्हणजे गाडीचाच मास्टर. टाकीत तेल भरत लिव्हर दाबत राहा, पिस्टन स्वतःहून बाहेर येतो. कॉम्प्रेसरच्या हवेने काढणारे पुष्कळ आहेत. त्यात पिस्टन बंदुकीच्या गोळीच्या वेगाने सुटतो आणि बोट मध्ये असेल तर बोट जातं. हवा वापरायचीच असेल तर समोर लाकडाचा ठोकळा, दाब अगदी कमी, आणि हात लांब.

अगदीच बसलेला पिस्टन असेल तर बँजोच्या भोकात त्या आट्यांचं ग्रीस निपल बसवून ग्रीस गनने ढकलायचा. ग्रीस गनचा दाब लिव्हरपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि ग्रीस हवेसारखं उसळत नाही. नंतर आतलं सगळं ग्रीस धुऊन काढायचं आणि दोन्ही रबरं नवीन टाकायची, यात सूट नाही.

पाना_बारा
लेथवाला यांच्या पोस्टला एक जोड. पिस्टनभोवतीची चौकोनी कापाची रिंग फक्त तेल अडवत नाही. ब्रेक दाबताना ती पिस्टनबरोबर थोडी पिळते आणि सोडल्यावर पुन्हा सरळ होत पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड डिस्कपासून मोकळे राहतात ते एवढ्याच हालचालीमुळे. रिंग कडक झाली की ही ओढ संपते. त्याहून वाईट म्हणजे रिंगच्या खोबणीत मागे पांढरी भुकटी साठते. तो अ‍ॅल्युमिनियमचा गंज. तो रिंगला मागून ढकलतो आणि पिस्टन आवळला जातो. बरेच जण नवी रिंग टाकतात, खोबणी साफ करत नाहीत, आणि कॅलिपर पुन्हा जॅम होतो. खोबणी पितळी तारेने किंवा टोक वाकवलेल्या बांबूच्या काडीने खरवडा. स्क्रू ड्रायव्हरने नको, ओरखडा पडला की तिथून कायम गळेल.

गावठी_इंजिनिअर
पिस्टनवर बारीक वॉटर पेपर मारून चालतो ना? हजार नंबरचा?

लेथवाला
पिस्टनच्या बाहेरच्या टोकाला, जिथे रिंग कधीच पोहोचत नाही, तिथला डाग घासला तर चालेल. रिंग ज्या पट्ट्यात फिरते तिथे खड्डा असेल तर घासून काहीच होत नाही. क्रोम उडालेलंच असतं आणि घासून उरलेलंही पातळ होतं. नखाला खड्डा लागला की पिस्टन बाद.

या चिनी क्वाडचे पिस्टन सुटे मिळायला त्रास होतो. लेथवर करून घेता येतो. धातू एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ घ्या, समुद्राकाठी ३०४ पेक्षा तो जास्त टिकतो. पिस्टनचा व्यास साधारण बोरपेक्षा (पिस्टन बसतो त्या भोकापेक्षा) ०.०५ ते ०.१ मिमीने कमी, आणि रिंगच्या पट्ट्यात पॉलिश आरशासारखं. कडेला छोटा चॅम्फर (तिरका काप) हवा, नाहीतर बसवताना रिंग कापली जाते. मोजमाप जुन्या पिस्टनवरून घेऊ नका, तो गंजलेला आहे. बोर मोजा.

गावठी_इंजिनिअर
समजलं. नखाची कसोटी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चाकोरी
एक वेगळी सूचना. सारखं पाण्यात जाणाऱ्या गाडीत डॉट ५ दर्जाचं ब्रेक ऑइल का नाही वापरायचं? सिलिकॉनचं असतं, पाणी शोषत नाही. अमेरिकन लष्कर त्यांच्या गाड्यांत तेच वापरतं.

मृण्मयी_द
पाणी शोषत नाही, म्हणूनच नको. आत शिरलेलं पाणी सिलिकॉनमध्ये विरघळत नाही. ते थेंब होऊन सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये, जाऊन बसतं. तिथेच उष्णता सगळ्यात जास्त. १०० अंशांना त्या थेंबाची वाफ होते आणि लिव्हर एकदम रिकामा जातो. शिवाय तो थेंब एकाच जागी बसून धातू खातो. लष्कराचं कारण वेगळं आहे. वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या गाड्या आणि टोकाची थंडी.

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे तिन्ही ग्लायकॉलचे आहेत आणि एकमेकांत मिसळले तर रबर खराब होत नाही. डॉट ५ त्यांच्यात कधीही मिसळायचं नाही. नावात ५ आणि ५.१ इतकाच फरक दिसतो, म्हणून दुकानात बाटली वाचूनच घ्या.

कमीत कमी उकळबिंदू असे आहेत. डॉट ३ कोरडं २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ कोरडं २३०, ओलं १५५. डॉट ५.१ कोरडं २६०, ओलं १८०. रोठा दादांच्या उताराला आणि ट्रॉलीला डॉट ४ पुरेसं आहे, पण ते ताजं हवं. सीलबंद छोटी बाटली घ्या. उघडून ठेवलेली अर्धी बाटली कोकणच्या दमटपणात लवकर निकामी होते. मास्टरच्या झाकणावर जे डॉट लिहिलंय त्यापेक्षा खालचं टाकू नका.

आणि रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग उचलतं.

खलाशी
एअर काढण्याबद्दल दोन गोष्टी, कारण कॅलिपर उघडला की पुन्हा काढावीच लागेल.

पहिली, निपल वरच्या बाजूला आहे का ते बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर बोल्ट बसतात, पॅड बसतात, सगळं ठीक दिसतं. पण निपल खाली जातो आणि हवा वरच्या कोपऱ्यात कायमची राहते. कितीही तेल ओता, निघत नाही. तसं झालं असेल तर कॅलिपर ब्रॅकेटवरून काढून, निपल वर करून, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घालून एअर काढायची. पट्टी विसरलात तर पिस्टन बाहेर पडेल.

दुसरी, हँडल असं वळवा की मास्टरची टाकी समतल राहील आणि बँजो तिच्यापेक्षा वर जाणार नाही. बँजोच्या वळणात अडकलेला बुडबुडा खालून निघत नाही. लिव्हर दाबून धरा, बँजो बोल्ट पाव फेरा ढिला करा, फडक्यात तेल घ्या, बोल्ट आवळा, मग लिव्हर सोडा. दोन-तीनदा केलं की पुरे.

बाकी नेहमीचंच: आठ नंबरचा पाना, पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडालेलं. दाबा, अर्धा फेरा उघडा, बंद करा, सोडा. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. पूर्ण तेल बदलायला पुढच्या सर्किटला साधारण २०० मिली हाताशी ठेवा. निपल फार आवळू नका, ५-६ न्यूटन मीटर म्हणजे छोट्या पान्याने मनगटाचा जोर.

गावठी_इंजिनिअर
व्हॅक्यूम पंप वापरणाऱ्यांसाठी: नळीत शेवटपर्यंत बारीक बुडबुडे दिसत राहतात आणि माणूस लिटरभर तेल वाया घालवतो. ते बुडबुडे निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढल्याने येतात, लाइनमधले नसतात. आट्यांवर थोडं सिलिकॉन ग्रीस फासा. किंवा मोठ्या सिरिंजने उलटं, खालून वर तेल ढकला. हवेला तसंही वरच जायचं असतं. मात्र आधी टाकीतलं जुनं तेल काढून घ्या, नाहीतर ओसंडेल.

पाना_बारा
उलटं ढकलताना कॅलिपरच्या तळचा गाळ मास्टरकडे जातो आणि तेच परतीचं बारीक भोक बुजतं. म्हणून कॅलिपर नुकताच साफ केलेला असेल तरच ही पद्धत. जुन्या, न उघडलेल्या कॅलिपरला वरून खालीच.

केतकी_ब
ब्रेकचा विषय सोडून थोडं. खाडीकडेच्या पट्ट्याच्या पुढे वाळूचा किनारा लागत असेल तर हिवाळा आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला चाकं भरती-रेषेच्या वर नेऊ नका, ही विनंती. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, पलीकडे वेळास या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. अंड्यांना साधारण पन्नास-साठ दिवस लागतात आणि चाकाच्या चाकोरीत अडकलेलं पिल्लू पाण्यापर्यंत पोहोचत नाही.

रोठा_सुपारी
केतकीताई, आमची वाट खाडीकडेने वाडीतच वळते, वाळूवर जात नाही. तरी ट्रॉली वळवायची जागा आत घेतो. सांगितलंत ते बरं केलं.

हिमपात
कॅनडातून वाचतोय, अल्बर्टा. इकडे शेतावर होंडाचे जुने क्वाड अजून भरपूर आहेत. २००० ते २००६ च्या रँचर ३५० ला पुढे डिस्कऐवजी हायड्रॉलिक ड्रम ब्रेक येतात, आणि "ब्रेक कमी" म्हटलं की इकडे पहिला प्रश्न असतो: ड्रममध्ये पाणी आहे का? ड्रमच्या कडेचं सील गेलं की ओढा ओलांडताना पाणी, चिखल आत जातो आणि बाहेर यायला वाट नसते. हिवाळ्यात तेच पाणी गोठून शू (ड्रमला आतून घासणारे) ड्रमला चिकटतात.

त्यासाठी ड्रम काढून आतला व्यास मोजा. कमाल व्यास ड्रमवरच कोरलेला असतो. व्हील सिलिंडरचं रबर उचलून ओलं आहे का पाहा. सीलच्या ओठाला ग्रीस लावा. मग अ‍ॅडजस्टर चाक पूर्ण अडेपर्यंत फिरवायचा आणि तीन खटके मागे. प्रत्येक ड्रमला दोन अ‍ॅडजस्टर असतात, दोन्ही सारखे करायचे. एकच केला तर लिव्हर लांबच जातो. कुणाकडे ड्रमवाली गाडी असेल तर उपयोग होईल म्हणून लिहिलं.

चाकोरी
उपयोगी आहे. सिलिकॉनबद्दल मृण्मयीताईंचं पटलं.

पॅडबद्दल विचारतो: रोठा यांनी नवे टाकलेले पॅड आता तसेच ठेवायचे का? एक बाजू काम करत नसताना वापरले गेलेत.

मृण्मयी_द
डाव्या बाजूच्या आतल्या पॅडची जाडी मोजा. घर्षणाचा थर १ मिमीजवळ आला की बदलायचाच, त्याच्या वर असेल आणि तिरका झिजला नसेल तर ठेवा. वर चकाकी आली असेल तर सपाट काचेवर ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासा, मास्क लावून. ती धूळ फुंकायची नाही.

तेल किंवा ग्रीस लागलेला पॅड मात्र टाकून द्या. जाळून तेल काढतात ते वरवरचं असतं. पहिल्या मोठ्या उताराला आतलं तेल पुन्हा वर येतं. आणि पॅड कायम जोडीने, दोन्ही चाकांचे एकदम.

वाळू-चिखलासाठी सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड घ्या. ओले असतानाही पकडतात आणि ऑरगॅनिकपेक्षा बरेच जास्त टिकतात. डिस्क थोडी जास्त खातात. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती बघून ठेवा. डिस्क आणि पॅड धुवायला ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. रबराच्या भागांना पेट्रोल-डिझेल कधीच नाही. क्लोरिनवाला क्लीनर असेल तर जवळपास वेल्डिंग करू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

बसवल्यावर ताशी ३० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने दहा-पंधरा वेळा वेग कमी करा, मध्ये डिस्क गार होऊ द्या. पूर्ण थांबून लिव्हर दाबून धरू नका, गरम पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि मग लिव्हर थरथरतो. हे सगळं ट्रॉली न लावता.

लेथवाला
ट्रॉलीचा मुद्दा निघालाच आहे तर स्पष्ट लिहितो. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतात. भरलेल्या ट्रॉलीचं सगळं वजन उतारावर क्वाडच्या तीन डिस्कवर येतं, आणि त्या डिस्क फक्त गाडी आणि स्वार धरून मापलेल्या असतात. गाडीच्या पुस्तकात ओढायच्या वजनाची मर्यादा दिलेली असते, तेवढंच भरा. उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर टाका, मध्यावर नाही. क्लच दाबून उतरणं अजिबात नको, इंजिनचा ब्रेक तिथेच संपतो. ट्रॉलीतला माल अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे झुकता ठेवा. मागे झुकला तर क्वाडची मागची चाकं हलकी होतात आणि मागची एकुलती डिस्क दाबून काही हाताला लागत नाही.

रोठा_सुपारी
मंडळी, काम झालं. डाव्या कॅलिपरची खालची पिन पूर्ण जॅम होती, बूट फाटलेला. पिस्टन चांगला निघाला, खोबणीत पांढरी भुकटी होती ती साफ केली. पिना, बूट, रिंगा नव्या. आता दोन्ही डिस्क सारख्या गरम होतात आणि रिकामी गाडी उतारावर जागच्या जागी थांबते. मास्टर मागवला नाही.

एकच राहिलं. मागची डिस्क थोडी घासते असं वाटतं, चाक हाताने फिरवलं की जड.

खलाशी
उत्तम बातमी! आता लिव्हर सुपारी फोडायला वापरू नका एवढंच.

पाना_बारा
अभिनंदन. मागच्यासाठी: या बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या कॅलिपरलाच पार्किंग ब्रेकची यंत्रणा असते. बाहेरून केबल, एक अ‍ॅडजस्टिंग बोल्ट आणि त्यावर लॉक नट. कुणीतरी तो बोल्ट जास्त आवळलेला असतो आणि पॅड कायम घासत राहतात. केबल ढिली करा, लॉक नट सोडा, बोल्ट हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या, मग साधारण एक अष्टमांश फेरा मागे, आणि बोल्ट धरून नट आवळा. त्यानंतर केबल.

तरीही जड असेल तर अ‍ॅक्सल दोन्ही हातांनी वर-खाली हलवून बघा. मधल्या बेअरिंगला प्ले असेल तर डिस्क कॅलिपरमध्ये तिरकी चालते. अशा वेळी आधी बेअरिंग बदला, पॅडला नंतर हात लावा.

हिमपात
बेअरिंग बदलताना अ‍ॅक्सलचे सीलही बदला. पाणी तिथूनच गेलेलं असतं.

चाकोरी
आणि धुण्याचं काय? रोज खाऱ्या पाण्यातून आल्यावर?

मृण्मयी_द
गोड्या पाण्याने, साध्या नळीने, त्याच दिवशी. मीठ वाळू द्यायचं नाही. पण डिस्क गार झाल्यावर. तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारलं तर ती वाकते. प्रेशर वॉशर बूट आणि बेअरिंगच्या सीलवर धरू नका, त्या दाबाने पाणी आत घुसतं. धुतल्यावर थोडं चालवून ब्रेक हलके लावून डिस्क वाळवा. डिस्कला गंज येऊ नये म्हणून तेलाचा फवारा मारतात, तो मुळीच नको. वरवरचा गंज दोन ब्रेकमध्ये निघून जातो, तेल पॅडमध्ये मुरतं.

तेल बऱ्याच पुस्तकांत दोन वर्षांनी बदलायला सांगतात. खाडीकाठी दरवर्षी बदला, पाऊस संपल्यावर. त्याच वेळी पिना काढून पुसून नवं ग्रीस लावा, आणि ब्लीड निपलच्या रबरी टोप्या जागेवर आहेत ना ते बघा. टोपी हरवली की निपलमध्ये मीठ साठतं, पुढच्या वेळी तो पान्याने मोडतो आणि तुकडा ड्रिलने काढावा लागतो.